बैलगाडीच्या बाजूने

‘ड्रॅगन्स डॉग्मा २’चा विषय निघाला की समोरचा गेमर हमखास एक वाक्य टाकतो: “चांगला आहे रे, पण त्यात चालावंच फार लागतं.” यावर मान डोलवून विषय बदलायचा असतो. मी बदलत नाही, आणि त्यामुळे ऑफिसात दुपारी माझ्या टेबलावर डबा उघडणाऱ्यांची संख्या जरा घटली आहे. चालावं लागणं ही या गेमची उणीव आहे असं समजणाऱ्यांशी माझं भांडण आहे. त्यातल्या प्रत्येक गैरसोयीला ‘दिग्दर्शकाची दृष्टी’ म्हणून ओवाळणाऱ्या भक्तांशीही आहे. आणि सगळ्यात मोठं भांडण आहे ते गेम काढणाऱ्या कॅपकॉमशी, कारण आपल्याच गेमच्या मुळावर त्यांनी जसा घाव घातला तसा घालायला वैऱ्यालाही सुचलं नसतं.

न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात. पहिला ‘ड्रॅगन्स डॉग्मा’ २०१२ साली आला. हिदेआकी इत्सुनो त्याचे दिग्दर्शक. ‘डेव्हिल मे क्राय’मुळे हाणामारीच्या गेममध्ये त्यांचं नाव आधीच मोठं होतं. ज्यांना तो आवडला त्यांना वेड लागल्यासारखा आवडला. दुसरा भाग यायला बारा वर्षं लागली, २२ मार्च २०२४ला तो आला. दोन्हींची मूळ कल्पना एकच: एक ड्रॅगन तुमचं काळीज काढून गिळतो, तुम्ही मरत नाही, ‘अरायझन’ होता आणि गेलेलं काळीज परत आणायला निघता. सोबतीला ‘पॉन’ नावाचे तीन जण. गोष्ट म्हणून यात फार काही नाही, आणि पुढे येईलच, दुसऱ्या भागात तर फारच कमी आहे.

आता चालण्याबद्दल. गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या बहुतेक ओपन-वर्ल्ड गेममध्ये जग अवाढव्य असतं आणि ते ओलांडायची गरज नसते. नकाशा उघडायचा, एका चिन्हावर टिचकी मारायची, पडदा काळा होतो, पोचलात. शेकडो लोकांनी वर्षानुवर्षं खपून उभं केलेलं रान आपण एका टिचकीत वगळतो आणि वर म्हणतो, काय सुंदर जग बनवलंय! ‘ड्रॅगन्स डॉग्मा २’मध्ये अशी उडी मारायला ‘फेरीस्टोन’ नावाचा दगड लागतो. दुकानात तो १०,००० नाण्यांना मिळतो, एकदा वापरला की संपतो, आणि तोही तुम्हाला नेतो ते फक्त ‘पोर्टक्रिस्टल’ रोवलेल्या जागी. असे क्रिस्टल मोजकेच. बाकी सगळीकडे पायी, नाहीतर बैलगाडीने.

हो, चक्क बैलगाडी. व्हर्मंड देशाची राजधानी व्हर्नवर्थ; तिथून मेल्व्ह गावाला किंवा सरहद्दीवरच्या चेकपॉइंट रेस्ट टाउनला ती ठरावीक रस्त्याने जाते. भाडं द्यायचं, मागे बसायचं, हवी तर डुलकी काढायची. कधी डोळे उघडतात तेव्हा मुक्काम आलेला असतो. कधी अर्ध्या वाटेत गॉब्लिनांच्या आरडाओरड्याने जाग येते. माझ्या तिसऱ्या की चौथ्या फेरीत आभाळातून ग्रिफिन उतरला आणि पहिल्याच फटक्यात गाडीच्या फळ्या उडाल्या. मी त्याच्या पाठीवर चढून पिसांना लोंबकळत तलवार चालवत होतो. तेवढ्यात त्याला माझा कंटाळा आला असावा, कारण तो मला पाठीवर घेऊन उडाला. पॉन खाली राहिले, रस्ता खाली राहिला, आणि मी उतरलो (पडलो म्हणा) ते नकाशाच्या अशा कोपऱ्यात, जिथलं मला काहीच माहीत नव्हतं. संध्याकाळ होत आली होती.

या गेममधली रात्र खरोखर काळी आहे. इतर गेममध्ये रात्र म्हणजे निळसर दिवस. इथे कंदिलाच्या वर्तुळापलीकडे काही दिसत नाही आणि कंदिलातलं तेलही संपतं. मार खाल्लात तर नुसती तब्येत जात नाही, तब्येतीची कमाल मर्यादाच खाली येते, आणि ती औषधांनी भरून येत नाही. त्यासाठी झोपावं लागतं: गावातल्या खाणावळीत, किंवा रानात तळ ठोकून. तळ ठोकायचं सामान पाठीवर वाहून न्यावं लागतं, त्याला वजन आहे, आणि वजन वाढलं की तुम्ही मंदावता. म्हणजे निघण्यापूर्वी विचार करावा लागतो. किती तेल, किती मलम, कुठे मुक्काम, अंधारापूर्वी तो पूल ओलांडता येईल का. सह्याद्रीत एकदा तरी वाट चुकलेल्या माणसाला हा विचार ओळखीचा आहे. त्या रात्री मी एका कड्याखाली शेकोटी गाठली तेव्हा मला जो आनंद झाला, तो मला कुठल्याही गेममध्ये ड्रॅगन मारून झालेला नाही. (शेकोटीवर मांस भाजण्याचं जे दृश्य दिसतं ते ॲनिमेशन नाही, कॅमेऱ्याने टिपलेलं खरंखुरं मांस आहे. एवढ्या गंभीर गेममध्ये हा वात्रटपणा कोणाला सुचला, त्याला माझा नमस्कार.)

फास्ट ट्रॅव्हल असतं तर यातलं काय उरलं असतं? प्रकाशनापूर्वीच्या एका मुलाखतीत इत्सुनो यांनीच याचं उत्तर दिलं होतं: प्रवास कंटाळवाणा वाटत असेल तर दोष प्रवासाचा नसून तुमच्या गेमचा आहे, आणि प्रवासच मजेचा करणं हे आमचं काम. हे फुशारकीचं बोलणं आहे. पण निदान अर्ध्या गेमपुरतं त्यांनी ते खरं करून दाखवलं.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात ‘फ्रिक्शन’ ही शिवी आहे. वापरणारा जिथे थबकला, जिथे त्याला दोनदा विचार करावा लागला, तो पडदा आमच्या डॅशबोर्डवर लाल होतो आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये त्यावर अर्धा तास जातो. हे योग्यच आहे. विजेचं बिल भरताना कोणाला साहस नको असतं. पण मला दिसतं ते असं, की बिल भरण्याचा हा न्याय गेल्या काही वर्षांत सगळीकडेच लागू झाला. गाण्यांना लागू झाला, सिनेमांना झाला, आणि ज्यांचा जन्मच अडथळ्यांतून झाला त्या गेमनाही झाला. पुढचा भाग म्हणजे आधीच्या भागातल्या तक्रारींची यादी काढायची आणि एकेक अडथळा तासून टाकायचा, अशी ‘सीक्वल’ची व्याख्या होऊन बसली. त्या यादीत कोणी असं लिहीत नाही, की अमुक ठिकाणी मी हरवलो आणि ते बरं झालं. डॅशबोर्डवर त्यासाठी रकानाच नसतो.

यावर येणारं उत्तर मला पाठ आहे. “तुझं ठीक आहे, आम्हाला आठवड्यातून चार तास मिळतात, ते चालण्यात घालवू?” मलाही चारच मिळतात. त्या चार तासांत दुसऱ्या एखाद्या गेममध्ये मी नकाशावरची तीस चिन्हं पुसतो आणि बुधवारपर्यंत त्यातलं एकही आठवत नाही. इथे चार तासांत दोन गावांमधलं अंतर कापतो आणि ते सांगायला माझ्याकडे वीस मिनिटांचा ऐवज असतो. ज्यांना हे नको त्यांनी दुसरं काही खेळावं, त्यात कमीपणा नाही. पण सहाशे पानांची कादंबरी वाचायला वेळ नाही म्हणून तिची दोनशे पानं करा, अशी मागणी आपण लेखकाकडे करत नाही.

स्मरणाचा मुद्दा निघालाच आहे तर स्फिंक्सबद्दल सांगतो. रानात डोंगरावर एक स्फिंक्स बसलेली आहे, ती कोडी घालते. त्यातल्या एका कोड्यात ती म्हणते, तू तुझं पहिलं ‘सीकर्स टोकन’ जिथे वेचलंस तिथे परत जा. ही टोकनं जगभर विखुरलेली असतात, तुम्ही त्यातलं पहिलं वीस-तीस तासांपूर्वी जाता जाता उचललेलं असतं, आणि प्रत्येकाची जागा वेगळी, त्यामुळे यूट्यूबवर उत्तर नाही. कोणती वाट होती, उजवीकडे ओढा होता का, तेव्हा माझ्याबरोबर कोण होतं, हे आठवायचं. टिचक्या मारत फिरलेल्या माणसाला हे कोडं सुटणं अवघड आहे, कारण तो कुठेच गेलेला नाही. संपूर्ण गेमचं मर्म या एका कोड्यात आहे आणि मला त्याचा हेवा वाटतो. असं काही आपल्याला सुचावं.

आणि पॉन. तीनपैकी एक तुम्ही घडवलेला, उरलेले दोन इतर खेळाडूंनी घडवलेले, त्यांच्या जगातून तुमच्याकडे कामाला आलेले. त्यांना रस्ते माहीत असतात, कारण ते दुसऱ्या मालकाबरोबर तिथे जाऊन आलेले असतात. नकाशावर बाण काढून दाखवण्याऐवजी गेम एका माणसाला तुमच्या पुढे चालवतो: या, मला ठाऊक आहे. गूगल मॅप्स आणि टपरीवर बसलेले काका यांच्यात जो फरक, तोच. काकांप्रमाणे पॉनही कधी कधी पूर्ण आत्मविश्वासाने चुकतात. ते बडबडतात फार, एकच वाक्य शंभरदा म्हणतात, कड्याच्या टोकावरून खाली पडतात. तरी सकाळी झोपून उठल्यावर कळतं, की तुमचा पॉन रात्रीतून कोणा अनोळखी माणसाची सेवा करून आलाय आणि त्याने जाताना हातावर काहीतरी ठेवलंय. कोण देतो? का देतो? त्या माणसाशी तुम्ही एक शब्दही बोललेला नसता. ऑनलाइन गेम म्हणजे हेडफोनमधून आई-बहिणीचा उद्धार, एवढंच ज्यांना माहीत आहे त्यांनी हे बघावं.

इथवर वाचून भक्त खूश झाले असतील. त्यांनी आता जरा सावरून बसावं.

चालणं हाच गेम असेल तर वाटेत भेटणारं बदलत राहायला हवं. इथे ते बदलत नाही. गॉब्लिन, लांडगे, सॉरियन नावाचे पालीसारखे योद्धे, हार्पी, दरोडेखोर; मग जरा तगडे गॉब्लिन, जरा वेगळ्या रंगाचे सॉरियन. पंचविसाव्या तासाला मी वळण घेण्यापूर्वी सांगू शकत होतो, की पलीकडे चार गॉब्लिन आहेत आणि त्यातला एक वर दगडापाशी उभा आहे. मोठे राक्षस सुरेख आहेत. दरीच्या काठावर सायक्लॉप्सला तोल जाऊन पडायला लावलं तर त्याच्याच देहाचा पूल होतो, आणि आपण त्यावरून पलीकडे जातो. असे क्षण दुसरीकडे नाहीत, पण त्या क्षणांच्या मध्ये गॉब्लिनांची भरताड आहे. पहिल्या भागाच्या २०१३ सालच्या ‘डार्क अरायझन’ या विस्तारात बिटरब्लॅक आयल नावाचं बेट होतं, तिथे भयानक प्राण्यांची रेलचेल होती. म्हणजे यांना येत नाही असं नाही. फास्ट ट्रॅव्हल द्या म्हणणाऱ्यांचा राग मला या ठिकाणी समजतो: वाट त्यांनी नाकारली नाही, एकच वाट चाळीसदा चालायला लागण्याला ते विटले. गेमची सगळ्यात महत्त्वाची प्रतिज्ञा गेमनेच अर्ध्यात सोडली, आणि याला दृष्टी म्हणत नाहीत, माल कमी पडला असं म्हणतात.

तेच कौशल्यांचं. पहिल्या भागातला ‘स्ट्रायडर’ सुरे आणि धनुष्य दोन्ही बाळगायचा. इथे सुरेवाला ‘थीफ’ वेगळा आणि धनुष्यवाला ‘आर्चर’ वेगळा, आणि एका वेळी शस्त्राचे डाव चारच. लढाईचं अंग इतकं रसरशीत असताना हात बांधून का ठेवले कळत नाही. कथेबद्दल लिहिण्यात फार वेळ घालवत नाही. व्हर्नवर्थच्या दरबारात एक तोतया अरायझन गादीवर बसवलेला आहे, राणी डिसा कारस्थानं करते आहे, तुम्ही रात्री वाड्यात शिरून पुरावे शोधता, जरा रंग भरतोय असं वाटतं, आणि मग तुम्ही बटाल देशात जाता आणि कथा तिथल्या वाळूत जिरते. शेवटाकडे मात्र एक करामत आहे. गेम सुरू होताना नाव नुसतं ‘ड्रॅगन्स डॉग्मा’ असं येतं. त्यापुढचा ‘२’ दिसायला समुद्र आटलेल्या, आभाळ लाल झालेल्या जगापर्यंत पोचावं लागतं. तिथे पोचायचा मार्ग इतका लपवलाय, की अनेकांनी त्याआधीच श्रेयनामावली बघून गेम बंद केला असणार.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. गेम आला तेव्हा व्हर्नवर्थच्या रस्त्यावर पाऊल टाकलं की भल्या भल्या संगणकांचा फ्रेमरेट कोसळायचा. कॅपकॉमचं स्पष्टीकरण असं, की शहरातल्या प्रत्येक पात्राच्या अस्तित्वाचा आजूबाजूवर होणारा परिणाम सतत मोजला जातो आणि तो भार ग्राफिक्स कार्डावर नाही, सीपीयूवर पडतो. लोकांनी यावर काढलेला उपाय अजरामर आहे: त्यांनी नागरिकांना मारायला सुरुवात केली. माणसं कमी, फ्रेम जास्त. विनोद सोडला तर इंजिनीअर म्हणून मला दोन गोष्टी वाटतात. पहिली, ही महत्त्वाकांक्षा मला आवडते. दुसरी, ज्या माणसांसाठी एवढं गणित चाललंय ती रस्त्यावरून फिरतात आणि विचारलं तर तीच दोन वाक्यं बोलतात. एवढा सीपीयू जाळून जे दिसत नाही, जाणवत नाही, ते खेळाडूच्या लेखी नसतंच. आमच्याकडे असं कोणी केलं असतं तर कोड रिव्ह्यूमध्येच अडकलं असतं. नंतरच्या सुधारणांनी स्थिती बरीच सुधारली, पण ७० डॉलर मोजून पहिल्या दिवशी घेणाऱ्यांनी अर्धवट भाजलेली भाकरी खाल्ली हे खरंच.

‘ड्रॅगन्स्प्लेग’च्या बाजूने मात्र मी उभा राहीन, एकटा पडलो तरी. पॉनना एक रोग होतो. डोळे लाल चमकतात, डोकं दुखतंय म्हणतात, सांगितलेलं ऐकत नाहीत. तुम्ही लक्ष दिलं नाही आणि खाणावळीत झोपलात, तर रात्रीतून तो पॉन अख्खी वस्ती मारून टाकतो. सेव्ह त्यावरच होतं, मागे जाता येत नाही. एक उपाय म्हणजे सोबत्याला खोल पाण्यात फेकून देणे. यावर प्रचंड ओरड झाली आणि कंपनीने रोगाचं प्रमाण घटवलं. पण ज्याला आपण दिवसभर नोकरासारखं वापरतो त्याच्या चेहऱ्याकडे बघायला भाग पाडणारा दुसरा गेम दाखवा. चूक एवढीच, की ही सूचना एका चौकटीत एकदा येते आणि जाते. भीती पेरायला दोन-चार अफवा, एखादं ओसाड गाव, एवढं पुरलं असतं.

राहता राहिली ती गोष्ट जिच्यामुळे हा लेख लिहायला बसलो. गेम आला त्याच दिवशी दुकानात त्याच्याशेजारी एक यादी लागली. पोर्टक्रिस्टल, रोख पैशांत. मेलेल्यांना उठवणारे वेकस्टोन, पॉन भाड्याने घ्यायचे रिफ्ट क्रिस्टल, रूप बदलायचं पुस्तक, तुरुंगाची किल्ली, तळ ठोकायचं सामान. स्टीमवर खेळाडूंचे अभिप्राय बघता बघता लाल झाले. फेरीस्टोन विकले जातात अशी आवई उठली होती ती खोटी होती, आणि बचाव करणारे हे हिरिरीने सांगतात. ते असंही सांगतात, की यादीतली प्रत्येक वस्तू खेळता खेळताही मिळते, घ्यायची सक्ती कुठे आहे? हे सगळं खरं आहे, आणि त्याने काही फरक पडत नाही.

कारण गैरसोय सोसणारा खेळाडू विश्वासावर सोसत असतो. हा दगड १०,००० नाण्यांचा आहे, कारण कोणीतरी विचार करून ठरवलं की तो दुर्मीळ असला तर वाट मोलाची होईल. रात्री तेल संपलं तेव्हा मी गेमला शिव्या घातल्या नाहीत, कारण समोरच्याने माझी परीक्षा मजेसाठी घेतली आहे यावर माझा विश्वास होता. त्या परीक्षेच्या बाहेर तुम्ही उत्तरपत्रिकांचा स्टॉल लावलात, की संशय सुरू होतो. क्रिस्टल कमी आहेत ते कशासाठी? रस्ता बांधणारा आणि टोलनाक्यावर बसलेला एकाच घरचे असतील, तर खड्ड्यांकडे कोणी कलाकृती म्हणून बघत नाही. माझी खात्री आहे की इत्सुनो यांच्या चमूने खड्डे टोलसाठी पाडले नव्हते; गेम त्या वस्तूंशिवाय उत्तम चालतो हाच त्याचा पुरावा. पण मग त्या विकायला का ठेवल्या? जो प्रवास टाळण्यासारखा नाही असं दिग्दर्शक जगाला सांगत होता, तो टाळायच्या साधनाला कंपनीने किंमत लावली. आमच्या धंद्यात अडथळा आधी घालायचा आणि मग तो काढायचे पैसे घ्यायचे, याला चांगलं इंग्रजी नाव आहे, पगारही चांगला मिळतो. पाच सेकंदांनी वगळता येणारी जाहिरात आपण सगळे रोज बघतो. त्या सवयीच्या जगात गैरसोय अजून प्रामाणिक असू शकते हे दाखवायची संधी या गेमला होती.

ऑगस्ट २०२४च्या अखेरीला इत्सुनो यांनी कॅपकॉम सोडत असल्याचं जाहीर केलं, तीसेक वर्षांच्या नोकरीनंतर. तिसरा भाग निघालाच तर तो दुसरं कोणी करील, आणि त्याआधी कुठल्यातरी मीटिंगमध्ये तक्रारींचा तक्ता पडद्यावर येईल. फ्रेमरेट, गॉब्लिन, कथा, दुकानातली यादी, आणि सगळ्यात वर, सगळ्यात जाड खांब: फार चालावं लागतं. तो खांब खाली आणणं सगळ्यात स्वस्त आहे. नवे प्राणी घडवायला वर्षं लागतात, शहर हलकं करायला इंजिन उसवावं लागतं, दुकानाचं शटर ओढायला वरच्यांची सही लागते. नकाशावर टिचकी बसवायला एका माणसाचं एका आठवड्याचं काम. मी त्या खोलीत असतो तर त्या एका आठवड्यात बैलगाडीचे दोन नवे मार्ग सुरू करायला सांगितलं असतं.